भिंतीलाही डोके असते

"मामा, तुम्ही चेंडू बघू नका. चेंडू सगळेच बघतात. ते पाच जण बघा."

तीन वर्षांपूर्वी दिवाळीच्या सुट्टीला थोडी रजा जोडून आम्ही उभयता लेकीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेत, ओहायो राज्यात गेलो होतो. तिथल्या एका रविवारी दुपारी जावईबापूंनी मला हा सल्ला दिला. बाहेर कडाक्याची थंडी, घरात शेपा-बाळंतशेपांचा वास, आणि टीव्हीवर अमेरिकन फुटबॉलचा सामना लागलेला. फुटबॉल म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पायांनी खेळायचा गोल चेंडू येतो. इथला चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता, आणि तो बहुतेक वेळ हातातच असतो. उभे आयुष्य मुलांच्या कबड्डी-खोखोत घालवलेल्या मला अर्धा तास बघूनही काही उमजेना. पाच-सहा सेकंद धुमश्चक्री, मग शिट्टी, मग सगळे पुन्हा आपापल्या जागी. हा कसला खेळ, असे मी म्हणालो आणि त्यावर हे उत्तर मिळाले.

मी त्या पाच जणांकडे पाहू लागलो. त्या दुपारी मनात जो प्रश्न शिरला तो अजून बाहेर पडलेला नाही. तो केवळ खेळाचा असता तर या अंकाची पाने मी अडवली नसती.

आधी खेळाची जुजबी माहिती देतो. प्रत्येक बाजूला 11 खेळाडू असतात. मैदान 100 यार्डांचे, आणि त्याच्या दोन्ही टोकांना 10-10 यार्डांचा पट्टा. ज्यांच्याकडे चेंडू आहे त्यांना चार प्रयत्नांत 10 यार्ड पुढे सरकायचे असते. सरकले तर आणखी चार प्रयत्न मिळतात. नाही सरकले तर चेंडू गेला. प्रत्येक प्रयत्नाच्या आरंभी फळीच्या मधोमध वाकलेला एक धिप्पाड गडी दोन पायांमधून चेंडू मागे देतो. या क्रियेला 'स्नॅप' म्हणतात आणि त्या गड्याला 'सेंटर'. मागे चेंडू घेणारा तो 'क्वार्टरबॅक'. हा संघाचा नायक. वर्तमानपत्रात फोटो त्याचा, जाहिरातीत चेहरा त्याचा, लहान पोरांच्या सदऱ्यावर नाव त्याचे. त्याने चेंडू लांबवर फेकायचा आणि कोणीतरी तो उडी मारून झेलायचा. हे दृश्य बघायलाच हजारो माणसे थंडीत कुडकुडत बसतात.

पण चेंडू फेकायला क्वार्टरबॅकला निदान तीनेक सेकंदांची सवड हवी. समोरून सव्वाशे-दीडशे किलोचे गडी त्याला लोळवायला धावून येत असतात. ही तीन सेकंदे त्याला मिळवून देतात ते पाच जण: मधला सेंटर, त्याच्या दोन अंगांना दोन 'गार्ड' आणि कडेला दोन 'टॅकल'. यांना मिळून 'ऑफेन्सिव्ह लाइन' म्हणतात. नाव आक्रमणाचे, काम मात्र राखणदारीचे! यांच्या पाठीवर 50 ते 79 मधले आकडे असतात, आणि पुढे फेकलेला चेंडू झेलण्याची यांना एरवी नियमानेच मुभा नसते. सबंध सामन्यात यांतल्या बहुतेकांचा हात चेंडूला लागत नाही. ज्याचा लागतो तो सेंटर. त्यानेही चेंडू लगेच दुसऱ्याच्या हवाली करायचा.

धावणाऱ्याचे यार्ड मोजतात, फेकणाऱ्याच्या फेकी मोजतात, झेलणाऱ्याचे झेल मोजतात. या पाच जणांच्या पुढ्यात मोजण्याजोगे काही पडतच नाही. कारण त्यांचे यश म्हणजे काहीतरी न घडणे. क्वार्टरबॅक पडला नाही, त्याचा हात मुरगळला नाही, एवढीच त्यांची कमाई. जे घडलेच नाही त्याची नोंद कोण ठेवणार?

त्यांचा नंबर स्टेडियमभर ऐकू येतो तो एका प्रसंगी. समोरच्या गड्याला नियमाबाहेर धरून ठेवले की पंच रुमाल टाकतो आणि ध्वनिक्षेपकावरून अपराध्याचा नंबर सर्वांना ऐकवतो. दंड 10 यार्डांचा. साठ वेळा काम चोख केले तर शांतता आणि एकसष्टाव्या वेळी चुकले तर जाहीर पुकारा. पालखीचे दर्शन घेऊन परतणाऱ्याला भोयांचे चेहरे कधी आठवत नाहीत. पालखी कलंडली तर मात्र कोणता भोई अडखळला ते साऱ्या गावाला ठाऊक असते. तसेच हे.

आम्ही होतो त्या भागातल्या क्लीव्हलंड ब्राउन्स या संघात जो थॉमस नावाचा डावा टॅकल होऊन गेला. उजव्या हाताने फेकणारा क्वार्टरबॅक फेकीसाठी वळतो तेव्हा त्याची पाठ डावीकडे होते आणि तिकडून येणारा घाव त्याला दिसत नाही. 18 नोव्हेंबर 1985 च्या रात्री वॉशिंग्टनचा क्वार्टरबॅक जो थाइसमन याचा पाय लॉरेन्स टेलरच्या झडपेखाली असा मोडला की तो पुन्हा खेळू शकला नाही. सारा देश ते टीव्हीवर पाहत होता. पुढे 1993 साली खेळाडूंना संघ बदलण्याची मोकळीक आली, तेव्हा या डाव्या अंगाच्या राखणदाराची किंमत पैशांतही दिसू लागली. राखणदाराचे मोल दरोडा पडल्यावर कळावे, ही जुनीच रीत आहे.

थॉमस 2007 मध्ये या संघात आला. ज्या दिवशी नव्या खेळाडूंची निवड जाहीर झाली त्या दिवशी इतर तरुण नवे सूट घालून न्यूयॉर्कच्या समारंभात मिरवत होते. हा वडिलांबरोबर मिशिगन सरोवरात मासे पकडायला गेला होता. पहिल्या सामन्यापासून पुढची दहा वर्षे संघाच्या आक्रमणाचा एकही स्नॅप असा गेला नाही की ज्याला हा हजर नव्हता. सलग 10,363 स्नॅप! 22 ऑक्टोबर 2017 रोजी दंडाचा स्नायू फाटला तेव्हा ही मालिका थांबली. एकूण 167 सामने तो खेळला. म्हणजे सामन्यागणिक साधारण 62 वेळा त्याने वाकून तयार व्हायचे आणि दीडशे किलोचा लोंढा अंगावर घ्यायचा.

आणि हे कोणत्या संघासाठी? त्याच्या 11 हंगामांत ब्राउन्सने 48 सामने जिंकले आणि 128 हरले. शेवटच्या हंगामात तर 16 पैकी 16 हरले. हंगामानंतरच्या बाद फेरीचा एकही सामना थॉमसच्या वाट्याला आला नाही. त्याच्या पाठीमागे क्वार्टरबॅक येत राहिले, जात राहिले. डाव्या अंगाला हा आपला उभाच. हरत्या संघातल्या या माणसाला 2023 मध्ये, पात्र ठरला त्या पहिल्याच वर्षी, 'हॉल ऑफ फेम'मध्ये मानाचे स्थान मिळाले.

वाचकहो, ही हकीकत ऐकून मी भारावून गेलो. निष्काम कर्म, निष्काम कर्म म्हणून आपण जे वर्गात शिकवतो त्याचे हे चालतेबोलते उदाहरण! फळ हाती नाही, संघ हरणार हे बहुधा सकाळीच ठाऊक, आणि तरी प्रत्येक स्नॅपला मान खाली घालून आपले काम करायचे. परत आल्यावर शाळेच्या प्रार्थनेनंतर मी ही गोष्ट मुलांना रंगवून सांगितली. "मुलांनो, कळस सर्वांना दिसतो, पण तो पायाच्या दगडांवर उभा असतो," असा समारोपही केला. टाळ्या झाल्या.

रांगा वर्गाकडे वळत असताना नववीतली एक मुलगी माझ्यापाशी येऊन थांबली.

"सर, अशी मानसं म्हातारी झाल्यावर त्येंचं काय होतंय?"

"अगं, त्यांना भरपूर पैसे मिळतात. आरामात राहतात," मी म्हणालो आणि ऑफिसकडे वळलो. तिचे वडील मार्केटात हमाली करतात आणि त्या वर्षी त्यांची पाठ कामातून गेली होती, हे मला वर्गशिक्षकांकडून नंतर कळले. प्रश्न फुटबॉलचा नव्हताच. मी उत्तर मात्र अंदाजाने ठोकून दिले होते. चाळीस मिनिटांच्या तासाला चार तास वाचून जाणाऱ्या शिक्षकाला ही गोष्ट टोचल्याशिवाय राहत नाही. मी जावयांना पत्र लिहिले, त्यांनी कात्रणे पाठवली, काही पुस्तके धाडली. त्यांतून मला माइक वेबस्टर भेटला.

वेबस्टर हा विस्कॉन्सिन राज्यातल्या बटाटे पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा, जन्म 1952 चा. पिट्सबर्ग स्टीलर्स संघाने त्याला 1974 मध्ये घेतले आणि पुढे तो त्यांचा सेंटर झाला. त्याच्या काळात या संघाने चार वेळा 'सुपर बोल' म्हणजे अजिंक्यपद पटकावले. त्या विजयांचा नायक क्वार्टरबॅक टेरी ब्रॅडशॉ. त्याच्या हाती चेंडू देणारा वेबस्टर. शेवटचे दोन हंगाम तो कॅन्सस सिटीकडून खेळला. एकूण 17 हंगाम, 245 सामने. कडाक्याच्या थंडीतही उघड्या दंडांनी खेळायचा. लोक त्याला 'आयर्न माइक' म्हणत, म्हणजे आपल्या भाषेत लोखंडी माइक. आपण माणसाला लोखंड म्हटले की त्याला दुखते का, हे विचारण्याची जबाबदारी संपते!

सेंटरचे काम कसे असते पाहा. वाकून चेंडू मागे द्यायचा आणि त्याच क्षणी डोके वर काढून समोरच्याला भिडायचे. प्रत्येक वेळी शिरस्त्राणावर शिरस्त्राण आदळते. 1977 पर्यंत तर बचाव करणाऱ्या गड्यांना समोरच्या लाइनमनच्या डोक्यावर हाताने तडाखे हाणण्याचीही मोकळीक होती. यांतला एकेक तडाखा बेशुद्ध पाडणारा नसतो. माणूस उठतो, मान झटकतो, पुढच्या स्नॅपला वाकतो. दगडावरून दोर गेला तर एका फेरीत काय दिसणार? विहिरीच्या काठावर खाच पडते ती हजारो फेऱ्यांनंतर.

1990 च्या हंगामानंतर वेबस्टरने खेळ सोडला आणि थोड्याच वर्षांत तो कोसळत गेला. स्मरण जाऊ लागले, वाक्ये मध्येच तुटू लागली, संताप अनावर होऊ लागला. पैसा गेला, संसार मोडला. हा चार अजिंक्यपदांचा धनी कित्येक रात्री आपल्या गाडीतच झोपत असे. 1997 मध्ये त्याला 'हॉल ऑफ फेम'चा मान मिळाला तेव्हा त्याचा परिचय ब्रॅडशॉने करून दिला. वेबस्टरचे भाषण लांबत, भरकटत गेले. लोक प्रेमाने ऐकत होते. मंचावर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यात काय चालले आहे ते कोणालाच ठाऊक नव्हते. 24 सप्टेंबर 2002 रोजी हृदयविकाराने तो गेला, वयाच्या 50 व्या वर्षी. म्हणजे आज माझे जे वय आहे तिथवरही तो पोचला नाही.

त्याचे शवविच्छेदन पिट्सबर्गमध्ये बेनेट ओमालू या नायजेरियात जन्मलेल्या तरुण डॉक्टरकडे आले. त्याला या खेळातले काहीच कळत नव्हते. माझ्यासारखाच तोही या खेळाला परका. वरून पाहता मेंदू धडधाकट दिसत होता. तिथेच थांबता आले असते. पण जिवंतपणी एवढे हाल झालेल्या माणसाचा मेंदू असा निर्दोष कसा, हे कोडे त्याला सुटेना. त्याने पदरचे पैसे खर्चून मेंदूचे पातळ काप करवून घेतले आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. 'टाऊ' नावाच्या प्रथिनाची पुटे तिथे जागोजाग साचलेली होती. मुष्टियोद्ध्यांच्या अशा दुखण्याचे वर्णन हॅरिसन मार्टलंड या अमेरिकन डॉक्टरने 1928 मध्येच केले होते. 'क्रॉनिक ट्रॉमॅटिक एन्सेफॅलोपथी' असे त्याचे लांबलचक नाव. फुटबॉलच्या व्यावसायिक खेळाडूत ते सापडल्याचा लेख ओमालूंनी सहकाऱ्यांसह 2005 मध्ये प्रसिद्ध केला.

यापुढचा भाग मला जास्त बोचतो. फुटबॉल लीगने नेमलेल्या समितीवरच्या डॉक्टरांनी हा लेख मागे घ्यावा अशी मागणी केली. लेख मागे घेतला गेला नाही. पण अशा दुखापतींचे दूरगामी परिणाम होतात एवढे कबूल करायला लीगला 2009 चा डिसेंबर उजाडावा लागला, आणि खेळाशी या रोगाचा संबंध आहे असे तिच्या वरिष्ठ अधिकाऱ्याने अमेरिकन काँग्रेसच्या समितीपुढे मान्य केले ते 2016 मध्ये. गंमत अशी, की मालक आणि खेळाडू या दोघांचे प्रतिनिधी असलेल्या निवृत्तिवेतन मंडळाने 1999 मध्येच वेबस्टरचे अपंगत्व फुटबॉलमधल्या डोक्याच्या दुखापतींमुळे आल्याचे धरून त्याला वेतन मंजूर केले होते. एका खिडकीवर जे कागदावर मान्य, ते शेजारच्या खिडकीवर वर्षानुवर्षे अमान्य! सरकारी कचेऱ्यांचे उंबरे झिजवणाऱ्या आपल्या वाचकांना याचे फारसे नवल वाटणार नाही. तेही वेतन कमी प्रतीचे दिले म्हणून भांडण कोर्टात गेले. निकाल त्याच्या कुटुंबाच्या बाजूने लागला तो 2005 मध्ये, आणि वरच्या कोर्टाने तो कायम केला 2006 मध्ये. तोवर लोखंडी माइकला जाऊन चार वर्षे झाली होती.

इथे दुसरी बाजूही नीट मांडली पाहिजे. प्रत्येक लाइनमनची अशी दशा होते असे नाही. बोस्टन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2017 मध्ये या लीगच्या 111 मृत खेळाडूंचे मेंदू तपासले आणि 110 मध्ये हा रोग आढळला. आकडा भयंकर खरा. पण ते मेंदू प्रामुख्याने ज्यांच्या घरच्यांना आधीपासून शंका होती त्यांनीच दिलेले होते, हे त्या संशोधकांनीही स्पष्ट म्हटले आहे. शिवाय कोणी म्हणेल, या लोकांना कोणी बळजबरीने मैदानात ढकलले नव्हते. सज्ञान माणसे, आपखुशीने आलेली, गलेलठ्ठ पगार घेणारी. सैनिक मरतो, खाणकामगाराची छाती भरते, दोरावरचा डोंबारी पडतो. मग यांचेच एवढे कौतुक का?

हा आक्षेप खोटा नाही, अपुरा आहे. संमती ही माहितीवर उभी असते. वेबस्टरने गुडघ्यांचा, बोटांचा, कंबरेचा सौदा केला होता. तो त्याला ठाऊक होता. स्वतःच्या नातेवाइकांची नावे विसरण्याचा सौदा त्याच्यापुढे कोणी ठेवलाच नव्हता. मालाची खरी किंमत लपवून केलेला व्यवहार दोन्ही बाजूंच्या सह्या असल्या तरी खरा व्यवहार होत नाही, हे आपल्या बाजारातला साधा अडत्यासुद्धा सांगेल.

किंमत कळल्यावर माणूस काय करू शकतो याचे उदाहरणही याच फळीतले आहे. जॉन उर्शेल हा बाल्टिमोर रेव्हन्सचा लाइनमन, 2014 पासून खेळणारा, आणि गणितात विलक्षण गती असलेला. 2015 च्या सरावात डोक्याला मार बसला तेव्हा काही काळ वरच्या पायरीचे गणित आपल्याला जमेनासे झाले होते, असे त्याने स्वतःच नंतर सांगितले आहे. तरी तो पुन्हा खेळला. एकीकडे एमआयटी या विख्यात संस्थेत डॉक्टरेटचा अभ्यास, दुसरीकडे मैदान. जुलै 2017 मध्ये तो 111 मेंदूंचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि दोनच दिवसांनी, वयाच्या 26 व्या वर्षी, उर्शेलने खेळ सोडला. 2021 मध्ये डॉक्टरेट मिळवून आज तो त्याच संस्थेत गणिताचा प्राध्यापक आहे. त्याला भित्रा म्हणायचे का? मी तर म्हणेन, आधी जोखीम घेऊन खेळला तेव्हा तो जितका शूर होता तितकाच सोडताना होता. मात्र प्रत्येकाच्या घरी दुसरी वाट तयार नसते. उर्शेलपुढे गणित होते. वेबस्टरपुढे मागे वळून पाहिले तर बटाट्याचे शेत होते.

आता माझ्या मूळ प्रश्नाकडे येतो. थॉमसच्या निष्ठेने मी भारावलो ते चुकले का? नाही. फळावर डोळा न ठेवता काम करणे हे मोठेपण आहे, होते आणि राहील. चूक दुसरीकडे होती. निष्काम कर्माचा उपदेश कुरुक्षेत्रावर झाला तो हातात धनुष्य असलेल्या माणसाला. हस्तिनापुरात बसून राज्य भोगणाऱ्यांना तो केलेला नाही. 'मी फळ मागणार नाही' असे कष्ट करणारा म्हणतो तेव्हा तो त्याचा धर्म असतो. तेच वाक्य फळ खाणारा त्याच्या वतीने म्हणू लागला, 'तो कुठे काही मागतोय? तो निष्काम आहे!', की ती चोरी होते. वाक्य एकच, कोणाच्या तोंडी आहे यावर त्याचे पुण्य वा पाप ठरते.

आपल्या समाजात हे दुसरे रूप फार बोकाळले आहे. ज्याचे देणे द्यायचे नसते त्याला आपण त्यागमूर्ती म्हणतो. आईला म्हणतो, सुनेला म्हणतो, विनाअनुदानित शाळेतल्या शिक्षकाला म्हणतो. पायाचा दगड म्हणून हार घालतो, कारण दगडाला पाठ नसते, गुडघे नसतात आणि डोकेही नसते. भिंतीला कान असतात एवढी सावधगिरी आपण शिकलो. भिंतीला डोके असते आणि ते दुखते, हे मात्र शिकायचे राहून गेले. जो आपल्यासाठी भिंत होतो त्याला या कामाची पुरती किंमत आधी सांगावी आणि त्याचे देणे त्याने मागण्यापूर्वी चुकते करावे. एवढे केल्यावर मग त्याच्या निष्कामतेला खुशाल नमस्कार करावा. आधी केलेला नमस्कार फुकटचा.

हे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, ते सांगून संपवतो.

मी अमेरिकेला गेलो त्याच वर्षी मे महिन्यात आमच्या शाळेतले शिपाई सेवानिवृत्त झाले. मुले त्यांना तात्या म्हणत. तीस वर्षे घंटा त्यांनी दिली, टाकी त्यांनी भरली, परीक्षेला बाके वरच्या मजल्यावर त्यांनी चढवली आणि परीक्षा झाल्यावर खाली उतरवली. शेवटची काही वर्षे जिना चढताना ते कठड्याला धरून मध्ये थांबत. निरोप समारंभात मी शाल, श्रीफळ देऊन बोललो. 'पायाचा दगड' तिथेही होता, 'निष्काम सेवा' तिथेही होती. तात्या खाली मान घालून बसले होते. त्यांच्या सुरुवातीच्या तीन वर्षांच्या हंगामी नोकरीची नोंद सेवापुस्तकात राहून गेली होती आणि तिचा प्रस्ताव माझ्या सहीने वर जायचा होता. तो कागद माझ्या टेबलाच्या डाव्या खणात होता. भाषण केले त्या दिवशीही होता. तात्यांनी वर्षभरात एकदाच विचारले होते, "सर, ते तेवढं..." आणि मी "बघू, बघू" म्हणालो होतो. त्यांनी पुन्हा विचारले नाही. ते मागत नाहीत याचेच मी भाषणात कौतुक केले.

वेबस्टरची कात्रणे वाचून झाली त्या संध्याकाळी मी तो खण उघडला. जुनी हजेरीपत्रके माळ्यावरून काढायला दोन दिवस लागले, प्रस्ताव लिहायला एक तास. तो घेऊन सहीसाठी तात्यांच्या घरी गेलो. त्यांना जमिनीवर बसता येत नव्हते, म्हणून खाटेच्या काठावर बसून, पाटीवर कागद ठेवून त्यांनी सही केली. उशीर झाला म्हणून मी माफी मागितली. ते अवघडले. विषय बदलावा म्हणून म्हणाले, "सर, नव्या पोराला एवढं सांगा, बाक एकट्यानं चढवू नको म्हणावं. दोघांनी धरलं तर काय वाटत नाही. मला कुनी सांगिटलंच न्हाई."

तो प्रस्ताव मंजूर व्हायला पुढे 14 महिने लागले. नववीतल्या त्या मुलीला मात्र मी दुसऱ्याच दिवशी बोलावून घेतले आणि आदल्या खेपेला दिलेले उत्तर चुकीचे होते असे सांगितले.